पकड वरच्या टोकाला, सोड मधल्या भागात: एलडीएल रिसेप्टरची डोमेनं

मृण्मयी_०७

परवा कोलेस्टेरॉलच्या धाग्यावर सातारकर यांनी एक प्रश्न विचारला होता. गोळ्यांच्या चर्चेत तो वाहून गेला. त्यांच्या धाकट्या भावाची ३८व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, एलडीएल २८६ आलं. जनुकीय तपासणीच्या रिपोर्टात 'एलडीएलआर, एक्झॉन ४' अशी एक ओळ आहे (एलडीएलआर म्हणजे एलडीएल रिसेप्टरचं जनुक, एक्झॉन म्हणजे जनुकातला प्रथिनाची कृती लिहिलेला तुकडा) आणि डॉक्टर म्हणाले, "रिसेप्टरच्या बाइंडिंग डोमेनमध्ये दोष आहे." सातारकरांचा प्रश्न असा: डोमेन म्हणजे काय, आणि दोष या डोमेनमध्ये असला काय नि त्या डोमेनमध्ये असला काय, फरक काय पडतो?

फरक पडतो, आणि बराच पडतो. मी या एका रिसेप्टरवर पाच वर्षं काम केलं आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देणं जमलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

आधी एलडीएलचा, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा, कण. हा साधारण २२ नॅनोमीटर व्यासाचा गोळा. पोटात कोलेस्टेरॉल एस्टरचे सुमारे दीड हजार रेणू आणि भोवती गुंडाळलेलं एकच लांबलचक प्रथिन, अपो-बी-१००, तब्बल ४५३६ अमिनो आम्लांचं. रक्तातले हे गोळे उचलण्याचं बहुतेक काम यकृताच्या पेशी करतात आणि उचलणारा हात म्हणजे एलडीएल रिसेप्टर. तो कण पकडतो, पेशीच्या आत नेतो, आत सोडतो आणि स्वतः पुन्हा पृष्ठभागावर येतो. अशी एक फेरी साधारण दहा मिनिटांची. एका रिसेप्टरच्या आयुष्यात अशा शंभराहून जास्त फेऱ्या होतात.

रिसेप्टर म्हटलं की पाठ्यपुस्तकातलं कुलूप-किल्लीचं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे ते बाजूला ठेवा. ज्यांनी विहिरीवरचं रहाटगाडगं पाहिलं आहे त्यांनी ते आठवावं. गाडगं भरणं हे अर्धंच काम. वर येऊन ते पाटात रिकामं झालं नाही, तर पुढच्या फेरीला त्यात पाणी घेणार कुठे?

आता या रिसेप्टरचे भाग. डोमेन म्हणजे प्रथिनाचा असा एक भाग, ज्याची घडी वेगळी आणि कामही बहुधा वेगळं. एकूण ८३९ अमिनो आम्लं, पाच डोमेनं. बाहेरच्या टोकाला पकडणारा भाग: चाळीसेक अमिनो आम्लांचा एक मणी, असे सात मणी ओळीने. प्रत्येक मण्यात सिस्टीन नावाची सहा अमिनो आम्लं, त्यांच्यात गंधकाचे तीन बंध आणि मधोमध कॅल्शियमचा एक आयन. तो कॅल्शियम गेला की मण्याची घडी विस्कटते. त्याच्या मागे साधारण ४०० अमिनो आम्लांचा दुसरा भाग. त्याचं ईजीएफच्या (पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या एका प्रथिनाच्या) पूर्वप्रथिनाशी साम्य आहे, म्हणून नावही तेच. यात ईजीएफ-ए, ईजीएफ-बी, मग सहा पात्यांच्या पंख्यासारखा 'प्रोपेलर', मग ईजीएफ-सी. पुढे साखरेच्या साखळ्या लावलेला ५८ अमिनो आम्लांचा दांडा, मग पेशीपटलातून आरपार जाणारा २२ अमिनो आम्लांचा तुकडा आणि आत ५० अमिनो आम्लांची शेपटी.

डॅलसच्या विद्यापीठात मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात लोकांनी यातला एकेक भाग जनुकातूनच कापून टाकला आणि तसा अपुरा रिसेप्टर पेशीत घालून पाहिला. पहिला मणी काढला, एलडीएलची पकड तशीच राहिली. दुसरा, तिसरा, सहावा किंवा सातवा काढला, एलडीएल नीट धरता येईना. पण बीटा-व्हीएलडीएल नावाच्या दुसऱ्या कणाला तोच अपुरा रिसेप्टर छान धरत होता. त्या कणावर अपो-ई हे वेगळं प्रथिन असतं. पाचवा मणी काढला तर मात्र दोघांचीही पकड सुटली. म्हणजे एकाच टोकाने दोन वेगळे लिगँड (रिसेप्टर ज्याला धरतो तो लिगँड) धरले जातात, आणि कोणासाठी कोणते मणी लागतात तेही वेगळं. पाचवा तेवढा दोघांनाही लागतो.

सातारकर, एक्झॉन ४मध्ये नेमके तिसरा, चौथा आणि पाचवा हे मणी लिहिलेले आहेत.

आणि ज्या प्रयोगामुळे मी या विषयाकडे वळले तो १९८७चा. त्यांनी मणी सगळे ठेवले आणि मागचा ईजीएफवाला भाग अख्खा काढून टाकला. पकडणारं टोक शाबूत आहे, तेव्हा पकड राहायला हवी. पण पेशीच्या पृष्ठभागावर तो एलडीएल धरू शकला नाही. बीटा-व्हीएलडीएल धरलं, पण आत गेल्यावर, जिथे आम्लता वाढते आणि कण सुटायला हवा, तिथे तो सोडेना. मग रिसेप्टर परत वर आलाच नाही, आतच मोडीत निघाला. लिगँडला जो भाग धरतो तो वेगळा आणि धरलेलं सोडायला लावणारा भाग वेगळा, हे त्या दिवशी सिद्ध झालं. कागदावरचा तो आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा उठून दोन फेऱ्या मारून आले होते.

दांड्याचं आणि शेपटीचं कोणी विचारलं तर पुढे लिहिते.

सातारकर

मृण्मयीताई, एवढा वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. मी कॉमर्सचा माणूस, पण रहाटगाडगं आमच्या मळ्यात होतं, त्यामुळे तेवढं लगेच कळलं.

दोन शंका आहेत. भावाचा पाचवा मणी बिघडलाय की तिसरा, हे रिपोर्टवरून कळतं का? आणि बाकीचे सहा मणी चांगले असताना एका मण्याने एवढं का अडावं? भावाला दोन मुली आहेत, एक अकरा वर्षांची, एक सहा. डोक्यात सारखं तेच चालू आहे.

अनिवासी_नागपूरकर

रिपोर्टात एक क्रमांक असेल, उदा. 'पी-डॉट' आणि पुढे अमिनो आम्लाचं लघुरूप व आकडा. त्यावरून मणी कळतो, पण एक घोळ सांभाळा. माझं काम जनुकीय माहितीच्या संगणकीय विश्लेषणाचं आहे, रोज यात अडखळणारे लोक पाहतो. या प्रथिनाच्या सुरुवातीला २१ अमिनो आम्लांचा एक पत्ता-तुकडा असतो, तो नंतर कापला जातो. जुने शोधनिबंध तो सोडून मोजतात, आजचे रिपोर्ट तो धरून मोजतात. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर लोकांत सर्वांत जास्त सापडणारा दोष जुन्या लिखाणात २०६ क्रमांकावर आहे, नव्यात तोच २२७. लोकांना वाटतं दोन वेगळे दोष आहेत. जुनी माहिती शोधायची असेल तर रिपोर्टातल्या आकड्यातून २१ वजा करा.

मृण्मयी_०७

@अनिवासी_नागपूरकर, फार महत्त्वाचं लिहिलंत. हा २०६चा दोष पाचव्या मण्यातलाच आहे. तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी ग्लुटामिक आम्ल येतं. दोन्ही ऋणभाराची, दिसायला भावंडं, फरक फक्त एका कार्बनच्या लांबीचा. पण ते अ‍ॅस्पार्टिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्यांपैकी एक आहे. हात एका कार्बनने लांबला आणि कॅल्शियमभोवतीची बसकण बिघडली.

@सातारकर, रिपोर्ट इथे जाहीर टाकू नका, आकडा तेवढा मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. एका मण्याने का अडतं, याचं उत्तर दोन प्रकारचं आहे.

पहिलं, एलडीएल हा मण्यांच्या मानाने प्रचंड मोठा आहे आणि अपो-बी त्याच्यावर पट्ट्यासारखं लपेटलेलं आहे. त्याला धरायला एकाच वेळी अनेक मणी लागतात. मोठी घागर एका बोटाने उचलता येत नाही. अपो-ईच्या कणावर मात्र त्या प्रथिनाच्या अनेक प्रती असतात, एक सुटली तर दुसरी हाताशी येते. म्हणून त्याचं कमी मण्यांवर भागतं.

दुसरं उत्तर जास्त लोकांना लागू पडतं आणि ते फारसं सांगितलं जात नाही. 'बाइंडिंग डोमेनमध्ये दोष' म्हणजे रिसेप्टर पृष्ठभागावर आला आहे आणि तिथे उभा राहून त्याला पकडता येत नाही, असं दरवेळी नसतं. एका मण्याची घडी चुकली की प्रथिन तयार करणाऱ्या कारखान्यातच, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, तपासणी होते आणि ते पुढे पाठवलंच जात नाही. या रिसेप्टरच्या दोषांचे पाच वर्ग केले आहेत: प्रथिन बनतच नाही, बनून अडकतं, पोचतं पण पकडत नाही, पकडतं पण आत जात नाही, आत जातं पण परत येत नाही. यातला दुसरा वर्ग फार मोठा आहे.

जपानमध्ये कोबे विद्यापीठात योशिओ वातानाबे यांना एक ससा सापडला होता, जन्मतःच कोलेस्टेरॉल प्रचंड. त्याच्यापासून त्यांनी सशांचा वंश वाढवला. पुढे कळलं की त्यांच्या रिसेप्टरच्या मण्यांच्या भागातून फक्त चार अमिनो आम्लं गळाली आहेत. तेवढ्याने दोन्ही घडलं: रिसेप्टर पृष्ठभागाकडे रेंगाळत जातो, आणि जो थोडा पोचतो त्याची पकड ढिली असते. स्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या सुरुवातीच्या अभ्यासांत याच सशांचा उपयोग झाला.

डॉ_निनाद

धागा उत्तम. मी कोल्हापुरात फिजिशियन आहे, थोडी वैद्यकीय बाजू मांडतो.

या आजाराला आम्ही एफएच (फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यात चालत येणारं जास्त कोलेस्टेरॉल) म्हणतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून बिघडलेली प्रत आली की साधारण २५० माणसांत एक इतका तो आढळतो. दोन्हीकडून आली तर एलडीएल ५००च्या वर जातं आणि लहानपणीच हृदयविकार होतो. १९८४ साली अमेरिकेत स्टॉर्मी जोन्स नावाच्या सहा वर्षांच्या मुलीवर पिट्सबर्गमध्ये हृदय आणि यकृत दोन्हींचं एकत्र प्रत्यारोपण झालं, ते याच आजारासाठी. यकृत बदलण्याचं कारण रिसेप्टर. नव्या यकृतासोबत चांगले रिसेप्टर आले आणि तिचं कोलेस्टेरॉल उतरलं.

सांगली-कोल्हापूरकडे, खाली कर्नाटकाच्या सीमेपर्यंत, मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे. दोन्ही घरांत एकच बिघडलेली प्रत फिरत असेल तर मुलाला दोन्हीकडून ती मिळण्याची शक्यता वाढते. लग्न ठरवताना या तपासणीचा विचार व्हावा असं मला कळकळीने वाटतं.

रक्ताच्या रिपोर्टाआधी डोळ्यांना दिसणारी खूण सांगतो. रुग्णाला पालथं झोपवून पाय पलंगाबाहेर सोडायला सांगा आणि टाचेच्या वरची जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी, म्हणजे टेंडन) दोन बोटांत धरा. निरोगी माणसाची शीर कडेने धारदार लागते. एफएचमध्ये ती जाड, गोलसर, गाठाळ लागते. हाताची मूठ आवळली की बोटांच्या मागच्या शिरांवरही अशा गाठी दिसतात. माझ्याकडे एक बाई गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. मी टाच चाचपली आणि त्यांच्या तिन्ही भावंडांना बोलावून घेतलं. एका मोठ्या दवाखान्यात त्यांच्या टाचेवर आधी दोन वर्षं सांधेदुखीचे उपचार झाले होते.

सातारकर, दोन्ही मुलींची तपासणी कराच. प्रत्येकीला ती प्रत मिळण्याची शक्यता निम्मी आहे.

कोकणकडा

एक बारीक आक्षेप. मी सध्या पुण्यात याच क्षेत्रात पीएचडी करतोय. मूळ लेखावरून असं वाटतं की प्रोपेलर एकटाच लिगँडला सोडायला लावतो. हे चित्र २००२च्या स्फटिक-रचनेवरून आलं. डॅलसमध्ये गॅब्रिएल रुडेंको आणि योहान डायझनहोफर यांच्या गटाने पीएच ५.३ला, म्हणजे आम्लतेत, रिसेप्टरचा बाहेरचा भाग पाहिला. त्यात रिसेप्टर स्वतःवरच दुमडला होता आणि प्रोपेलर चौथ्या-पाचव्या मण्यांना जाऊन चिकटला होता, नेमकं जिथे लिगँड बसायला हवा तिथे. गोष्ट सुंदर आहे. पण एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या ज्या पिशवीत कण सुटतो तिथे, आम्लतेबरोबर मोकळं कॅल्शियमही उतरतं. कॅल्शियम कमी झालं की मण्यांची घडी आपोआप सैल होते. सुटण्यातला मोठा वाटा त्याचाच आहे असं दाखवणारे प्रयोग नंतर झाले आहेत. प्रोपेलर ढकलून काढतो की सुटलेल्या मण्यांना नंतर आधार देतो, यावर अजून वाद आहे.

मृण्मयी_०७

आक्षेप मान्य. मी सोपं करताना एकाच बाजूला झुकले.

कॅल्शियमबद्दल तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आम्ही एलडीएलला लालसर-नारिंगी चमकणारा रंग लावून पेशींवर घालत असू. बर्फाच्या ट्रेमध्ये पेशींची थाळी, चार अंश तापमान. या थंडीत रिसेप्टर पकडतो, पण आत ओढून घेऊ शकत नाही. सूक्ष्मदर्शकात प्रत्येक पेशीच्या कडेने अगदी बारीक लाल रेघ दिसते, रांगोळीची बाह्यरेषा काढावी तशी. मग थाळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची. दहा मिनिटांत रेघ फिकी होते आणि आत ठिपके उमटतात. कितीदा पाहिलं तरी माझा श्वास रोखला जायचा.

एकदा सलग तीन दिवस कडेची रेघच उमटेना. पेशी ठीक, रंग ठीक. चौथ्या दिवशी लक्षात आलं की धुण्याच्या द्रावणाची बाटली मी चुकीची उचलत होते, तीत ईडीटीए होतं. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं. आम्लता बदललेली नव्हती, प्रोपेलर जागच्या जागी होता, तरी मण्यांमधलं कॅल्शियम गेलं आणि धरलेलं सगळं एलडीएल धुऊन गेलं. त्यामुळे कोकणकडा यांचं म्हणणं मला पटतं.

तरीही प्रोपेलरवाला भाग नसला तर रिसेप्टर सोडत नाही, हा १९८७चा निकाल उभाच आहे. कॅल्शियम उतरणं आणि प्रोपेलरने ती जागा घेणं, दोन्ही मिळून काम होत असावं असं माझं मत. चौथ्या आणि पाचव्या मण्यांमधला दुवा इतरांपेक्षा लांब आहे: बाकीचे चार-पाच अमिनो आम्लांचे, हा बाराचा. घडी घालायला जागा हवी म्हणून तो लांब असणार, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

वैदेही_क

माझा प्रश्न थोडा वेगळ्या रिसेप्टरचा, चालेल ना? माझ्या मावशीला स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रास्टुझुमॅब आणि पेर्टुझुमॅब अशी दोन इंजेक्शनं देत होते. दोन्ही हर-२ रिसेप्टरवरच. एकाच रिसेप्टरवर दोन औषधं कशाला, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि विचारायचं बळही नव्हतं. हा धागा वाचताना वाटलं, उत्तर डोमेनमध्येच असेल.

कोकणकडा

ताई, अगदी तिथेच आहे. हर-२ ज्या घराण्यातला, त्या ईजीएफ रिसेप्टरच्या बाहेरच्या भागात चार डोमेनं. लिगँड पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्ये धरला जातो. दुसऱ्या डोमेनला एक बाहू आहे, त्याने शेजारच्या रिसेप्टरशी हातमिळवणी होते आणि मगच आत संदेश जातो. लिगँड नसताना हा बाहू चौथ्या डोमेनशी अडकवून ठेवलेला असतो. लिगँड आला की पहिलं आणि तिसरं जवळ ओढली जातात, अडकवण सुटते, बाहू मोकळा होतो. लिगँडला हात न लावणारी दोन डोमेनं तो किती घट्ट धरला जाईल यावर ताबा ठेवतात.

हर-२चं वेगळेपण असं की त्याला स्वतःचा लिगँड माहीत नाही आणि त्याचा बाहू कायम उघडाच असतो. पेर्टुझुमॅब दुसऱ्या डोमेनवर बसून हा बाहू अडवतं. ट्रास्टुझुमॅब चौथ्या डोमेनवर, पेशीपटलाच्या जवळ बसतं. जागा वेगळ्या, म्हणून दोन्ही एकदम देता येतात.

वैदेही_क

आज कळलं. मावशी आता नाही. ती शाळेत शास्त्र शिकवायची, तिला हे ऐकायला फार आवडलं असतं. धन्यवाद.

मृण्मयी_०७

वैदेही, तुमचा प्रश्न इथे आला हे फार चांगलं झालं.

आता ईजीएफ-एबद्दल लिहिते, कारण भावाच्या औषधांचा प्रश्न तिथे येऊन मिळतो. हा चाळीसेक अमिनो आम्लांचा तुकडा मण्यांच्या लगेच मागे असतो. एलडीएल धरण्यात त्याला फारसं काम नाही असंच बरीच वर्षं धरलं जायचं. २००३ साली माँट्रियलमध्ये नबील सैदा यांच्या गटाला एक नवं प्रथिन सापडलं, आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या काही कुटुंबांत त्याचाच दोष निघाला. या कुटुंबांत एफएच होता, पण रिसेप्टरचं जनुक निर्दोष आणि अपो-बीचंही निर्दोष. हेच पीसीएसके-९.

हे प्रथिन पेशीबाहेर फिरतं आणि येऊन ईजीएफ-एला चिकटतं. मण्यांना ते स्पर्शही करत नाही, एलडीएलची जागा अडवत नाही. मग त्याने नुकसान कसं होतं? बाहेरच्या पीएचला ते बेताचं चिकटतं आणि आम्लतेत कितीतरी पट घट्ट. एलडीएलच्या अगदी उलट. एंडोसोममध्ये एलडीएल सुटतं, पीसीएसके-९ सुटत नाही, आणि रिसेप्टर परत वर जायच्या ऐवजी मोडीच्या वाटेला लागतो. शंभर फेऱ्या करणारा हात एका फेरीत संपतो. पीसीएसके-९मध्ये एक दोष असा आहे, ३७४ क्रमांकाचा, की त्याने हे चिकटणं अनेक पटींनी वाढतं आणि माणसाला जबरदस्त एफएच होतो. उलट बाजूने, रिसेप्टरच्याच ईजीएफ-एमध्ये एक हिस्टिडिन बदलून टायरोसिन आलं तरी चिकटणं वाढतं आणि आजार तोच.

आता याची आनंदाची बाजू. ज्यांचं पीसीएसके-९ जन्मतःच निकामी आहे अशी माणसं टेक्सासमध्ये हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांना सापडली. २००६मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपैकी ज्यांच्यात हे दोष होते त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होतं, आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी. जन्मभर थोडं कमी असल्याने एवढा फरक! २०१५ साली अमेरिकेत मंजूर झालेली इव्होलोक्युमॅब आणि अ‍ॅलिरोक्युमॅब ही इंजेक्शनं पीसीएसके-९ला धरून ठेवतात, ईजीएफ-एपर्यंत पोचूच देत नाहीत.

डॉ_निनाद

याला जोडून. स्टॅटिन पेशीच्या आतलं कोलेस्टेरॉल कमी करतं, मग पेशी जास्त रिसेप्टर बनवते. पण त्याच आज्ञेने पीसीएसके-९ही जास्त बनतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्यावर एलडीएल अपेक्षेइतकं उतरत नाही, त्याचं एक कारण हे. म्हणून दोन औषधं एकत्र दिली की चांगला परिणाम दिसतो.

सातारकर, तुमच्या भावाकडे एक प्रत निर्दोष आहे. ही सगळी औषधं मुख्यतः त्या चांगल्या प्रतीला जास्त काम करायला लावतात, त्यामुळे उपयोग होतो. ज्याच्या दोन्ही प्रती अशा बिघडल्या आहेत की रिसेप्टर बनतच नाही, तिथे या औषधांना धरायला काहीच उरत नाही. तिथे रिसेप्टरला वळसा घालणारी दुसरी औषधं किंवा रक्तातून एलडीएल गाळून काढणं हेच मार्ग.

अनिवासी_नागपूरकर

दांडा आणि शेपटी राहिली.

मृण्मयी_०७

दांडा थोडक्यात: साखरेचा तो भाग काढून टाकला तर पेशींमध्ये पकडीत, आत जाण्यात, परतण्यात काही फरक दिसला नाही. डोकं पेशीपटलापासून उंच धरणं हे त्याचं काम असावं.

शेपटी लिगँडला भेटत नाही, ती आत असते. पण एक रुग्ण शोधनिबंधांत जे. डी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याच्या पेशींचे रिसेप्टर एलडीएल अगदी व्यवस्थित धरायचे. फक्त आत घेऊन जायचे नाहीत. दोष निघाला शेपटीत, ८०७व्या जागी टायरोसिनऐवजी सिस्टीन. बाकी ८३८ अमिनो आम्लं बरोबर. पेशीपटलावरच्या ज्या खळग्यांतून माल आत जातो तिथे हे रिसेप्टर गोळाच होत नव्हते. याच शेपटीला धरणारं आतलं प्रथिन बिघडलं तरी तसाच आजार होतो. सार्डिनियातल्या कुटुंबांत तो सापडला, आणि तिथे आई-वडील दोघांकडून दोष यावा लागतो.

लिगँडच्या बाजूनेही असं होतं. रिसेप्टर पूर्ण निर्दोष, पण अपो-बीच्या ३५००व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन, की पकड गेली.

अजून एक आवडती गोष्ट राहिली. या जनुकाचा नकाशा १९८५मध्ये काढला गेला तेव्हा दिसलं की डोमेनांच्या सीमा बऱ्याच ठिकाणी एक्झॉनच्या सीमांवरच पडतात. मण्यांसारखे मणी रक्तातल्या 'सी-९' या संरक्षक प्रथिनात सापडतात, मधला भाग ईजीएफच्या घराण्यात. उत्क्रांतीने तयार तुकडे जोडून गोधडी शिवली आहे. हा नकाशा काढणाऱ्यांत थॉमस स्यूडहॉफ होते, त्यांना पुढे २०१३चं नोबेल वेगळ्याच कामासाठी मिळालं. ब्राऊन-गोल्डस्टीन यांना त्याच १९८५ साली मिळालं होतं.

सातारकर

सर्वांना नमस्कार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

अनिवासी_नागपूरकर यांनी सांगितल्याप्रमाणे आकड्यातून २१ वजा केले, दोष पाचव्या मण्यात निघाला. भावाला गोळीबरोबर इंजेक्शन सुरू झालंय, एलडीएल ९४वर आलं. मुलींचे रिपोर्ट काल आले. थोरलीला आहे, धाकटीला नाही. थोरलीचं एलडीएल २१८. डॉक्टर म्हणाले वय अकरा आहे, आता औषध सुरू करता येईल, घाबरू नका.

आई गावाकडे असते, ७१ वर्षांची. रविवारी गेलो होतो. डॉ. निनाद यांनी लिहिल्याप्रमाणे तिला पालथं झोपायला सांगितलं आणि टाचेची शीर चाचपली. दोन्ही पायांची जाड आहे, अंगठ्याएवढी. ती म्हणाली, "ती तशीच हाय रे, माझ्या आईची पण अशीच होती." आजी गेली तेव्हाचं बाबा सांगायचे, छातीत कळ आली आणि शेतातच बसली. वय ४५ असेल.

आईचं रक्त घेतलंय. मामांना आणि त्यांच्या मुलांनाही कळवलं, पुढच्या सोमवारी सगळे येणार आहेत.